जॅझच्या जुन्या चित्रफिती कशा पाहाव्यात : कोल्हापूरच्या रसिकांसाठी

ध्वनिमुद्रिकेवरून जॅझ ऐकणाऱ्याला एका गोष्टीचा पत्ता कधीच लागत नाही, आणि ती म्हणजे एक वादक वाजवीत असताना बाकीचे काय करीत असतात. ते कोणाकडे पाहतात, कोणत्या जागेवर त्यांची मान हलते, ड्रमवादक नेमक्या कोणत्या क्षणी ब्रश ठेवून काठ्या उचलतो, पुढची पाळी ज्याची आहे तो वादक आधीच्या वादनातले काय उचलून घेतो, हे सारे फक्त चित्रफितीत सापडते. साधारण १९२९ ते १९६५ या काळात चित्रित झालेल्या ज्या फिती आज घरबसल्या पाहता येतात, त्या पाहण्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे. प्रसिद्ध माणसे हलताना-बोलताना दिसावीत एवढ्याच हेतूने त्या पाहिल्या, तर दोन-चार फितींतच उत्सुकता संपते. वादक एकमेकांना कसे ऐकतात याचा शोध घेत पाहिल्या, तर एकेक फीत वर्षानुवर्षे पुरते.

कोल्हापूरच्या श्रोत्याजवळ या कामासाठी दोन गोष्टी आधीपासूनच आहेत. उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या वास्तव्यामुळे जयपूर-अत्रौली गायकी या शहराच्या कानात मुरली, आणि देवल क्लबसारख्या संस्थेमुळे गायकाच्या समोर बसून ऐकण्याची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तबलजी समेवर कसा येतो, पेटीवाला गायकाच्या किती मागे राहतो, गायकाने अनपेक्षित जागा घेतली की साथीदारांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे पाहत पाहतच आपण गाणे ऐकतो. दुसरी गोष्ट बोलपटाची आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झाली आणि ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तिने १९३२ साली याच गावात तयार केला. गोविंदराव टेंबे यांनी त्यात राजा हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नटाला कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे लागे आणि साथीदार चौकटीच्या बाहेर बसून साथ करीत. पुढे पार्श्वगायन आले, आणि आधी मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवण्याची पद्धत रूढ झाली. या दोन पद्धतींतला फरक ज्याला कळतो, त्याला जॅझच्या फिती पाहण्याची पहिली पायरी वेगळी शिकवावी लागत नाही.

आवाज आणि चित्र एकाच वेळचे आहेत का

कोणतीही फीत लावल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण याच्या उत्तरावर पुढचे सगळे पाहणे अवलंबून असते.

अमेरिकेत १९४० पासून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ‘साउंडी’ नावाच्या सुमारे तीन-तीन मिनिटांच्या असंख्य फिती निघाल्या. उपाहारगृहांत आणि मद्यगृहांत ‘पॅनोरॅम’ नावाचे मोठे कपाटासारखे यंत्र ठेवलेले असे. त्यात दहा सेंटचे नाणे टाकले की एक फीत चाले. यांचा आवाज आधी स्टुडिओत मुद्रित होई आणि वादक नंतर त्यावर वाजवण्याचा अभिनय करीत. अशा फितीत बोटे आणि स्वर यांचा मेळ शोधत बसण्यात अर्थ नाही. मात्र पोशाख, उभे राहण्याची ढब, नाचणाऱ्यांची लय आणि त्या काळी हे संगीत लोकांपुढे कोणत्या रूपात मांडले जाई, याचे त्यांच्याइतके भरघोस साधन दुसरे नाही.

याच पद्धतीने, परंतु अगदी वेगळ्या दर्जाने केलेली फीत म्हणजे छायाचित्रकार ग्यॉन मिली यांची १९४४ सालची ‘जॅमिन द ब्लूज’. ती जेमतेम दहा मिनिटांची आहे. सुरुवातीला पडद्यावर एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतात. मग ती हळूच कलतात आणि ती सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांची टोपी होती हे कळते. इथेही संगीत आधी मुद्रित झालेले होते, म्हणजे उत्स्फूर्तपणे वाजवलेली आपलीच उपज वादकांना कॅमेऱ्यापुढे पुन्हा जशीच्या तशी वठवावी लागली. तेव्हा या फितीत परस्परांचे ऐकणे शोधू नये. प्रकाश, सावली, धुराची वलये आणि वाद्य धरलेल्या हातांची ठेवण पाहावी. ती मी अत्यंत श्रेष्ठ फीत मानतो, पण तिचे श्रेष्ठत्व छायाचित्रणाचे आहे हे लक्षात ठेवूनच.

याउलट १९५० च्या दशकातले दूरचित्रवाणीवरचे अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते टिकले ते किनेस्कोपमुळे, म्हणजे पडद्यावर दिसणारे चित्र समोर फिल्म कॅमेरा ठेवून टिपून घेण्याच्या पद्धतीमुळे. म्हणून त्यांचे चित्र करडे, किंचित धूसर आणि आडव्या रेघांचे दिसते. या धूसरपणाला नाक मुरडू नये, कारण जे ऐकू येते तेच त्या क्षणी घडत होते याची ती खूण असते.

फीत कोणत्या प्रकारची आहे हे कोणी सांगितले नसेल, तर झांजेकडे पाहावे. ड्रमवादकाची काठी झांजेवर पडण्याचा क्षण आणि आवाजाचा क्षण सतत जुळत असतील तर आवाज बहुधा तिथलाच आहे. ट्रम्पेटवादकाची बोटे, गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा आणि श्वास घेण्याच्या जागा याही तपासाव्यात. चौकटीत मायक्रोफोन कुठेच नसेल, वादक पायऱ्यांवर किंवा नावेत बसून वाजवीत असतील आणि तरी आवाज खोलीतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तो आधीचा समजावा. आणखी एक खूण मला फार उपयोगी वाटते. थेट प्रक्षेपणात पुढे कोण वाजवणार हे कॅमेरावाल्यालाही पुष्कळदा माहीत नसे, त्यामुळे नव्या वादकाने दोन-तीन मात्रा वाजवून झाल्यावर कॅमेरा त्याच्याकडे पोहोचतो. हा उशीर दिसला की खुशाल विश्वास ठेवावा.

तिसरा प्रकार माहितीपटांचा. बर्ट स्टर्न यांनी १९५८ सालच्या, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचे रंगीत चित्रण करून बनवलेल्या ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या चित्रपटात मंचावरचे वादन खरे आहे, परंतु मध्येमध्ये दिसणारे श्रोत्यांचे चेहरे त्याच क्षणाचे असतील असे धरून चालता येत नाही. त्यामुळे कोणाची दाद कोणत्या जागेला मिळाली, याचे निष्कर्ष या चित्रपटावरून काढू नयेत. अनिता ओ’डे यांचे गाणे मात्र त्यात डोळे भरून पाहावे.

प्रत नीट आहे का ते तपासावे

यूट्यूबवर एकाच फितीच्या पाच-दहा प्रती असतात आणि त्यांतली सर्वाधिक पाहिली गेलेली प्रत चांगली असेलच असे नाही. जुने चित्र चौकोनी असते, ते रुंद पडद्यावर ताणले की माणसे बुटकी आणि जाड दिसतात. दूरचित्रवाणी संचाच्या मांडणीत जाऊन हे ताणणे बंद करावे, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद करावी.

वेगाचा दोष अधिक सूक्ष्म आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि युरोपातली व आपल्याकडची दूरचित्रवाणीची जुनी पद्धत २५ चौकटींची होती. त्यामुळे काही प्रतींत वादन सुमारे चार टक्के जलद होते आणि पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी इतकी चढते. घरात पेटी असेल तर षड्ज लावून पाहावा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लटकत असेल तर प्रतीच्या वेगाबद्दल शंका घ्यावी आणि दुसरी प्रत शोधावी.

साउंडींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पॅनोरॅम यंत्रात चित्र आरशांवरून परावर्तित होऊन मागून पडद्यावर येई, म्हणून त्या फिती मुळातच उलट्या छापलेल्या असत. आजच्या काही प्रती तशाच उलट्या राहिल्या आहेत. ट्रम्पेटवादक डाव्या हाताने कळा दाबताना दिसला, पियानोचे खर्जाचे स्वर उजव्या बाजूला असले, किंवा सगळ्या पुरुषांच्या कोटाची बटणे चुकीच्या बाजूने लागलेली दिसली, तर प्रत उलटी आहे.

ऐकण्याच्या साधनाबद्दल माझे मत ठाम आहे. फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नये. डबल बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झला बोलते आणि इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. जॅझमध्ये लय आणि स्वराचा पाया दोन्ही बास सांभाळतो, म्हणजे तो गेला की आपण तंबोरा आणि तबला दोन्ही वजा करून गाणे ऐकतो आहोत असे होते. साधे पण कानाभोवती बसणारे हेडफोन किंवा जोडलेला बऱ्यापैकी स्पीकर एवढे पुरते.

आवर्तन मोजायला शिकावे

जॅझमध्ये बहुतेक वेळा ठरावीक लांबीचा एक आराखडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि वादक त्यावर आपली बढत करतात. त्याच्या एका फेऱ्याला तिकडे कोरस म्हणतात. आपण त्याला आवर्तन म्हणून मोजायला हरकत नाही. सर्वांत सोपा आराखडा बारा खंडांच्या ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेल्या रचनेचा. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन.

परंतु इथे आपल्या कानाला एक नवी सवय लावावी लागते. आपल्याकडे षड्ज अचल असतो आणि तंबोरा तो सतत धरून असतो. ब्लूजमध्ये खालची जमीन आवर्तनाच्या आत सरकते. मूळ आराखडा असा की पहिले चार खंड षड्जाच्या आधारावर, पाचवा व सहावा मध्यमाच्या, सातवा व आठवा पुन्हा षड्जाच्या, नववा पंचमाच्या, दहाव्यात पंचम तरी टिकतो किंवा मध्यम येतो, आणि अकराव्याला परत घरी. पेटीवर सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे हे तीन स्वरसमूह त्या क्रमाने संथ लयीत दाबून पाहिले, की एखाद्या संध्याकाळीच हा प्रवास कानात बसतो. पाचव्या खंडाला मध्यमाकडे झुकणे आणि नवव्याला पंचमाची ओढ लागणे ओळखता आले, की आपण आवर्तनात कुठे आहोत हे न मोजताही समजू लागते. ताल आणि राग यांच्याशी तुलना यापुढे फार ताणू नये. वादक स्वर निवडतो तो या सरकत्या जमिनीच्या संदर्भात निवडतो, आणि हे आपल्या संगीतात नाही.

एक फीत सावकाश पाहू

हे सगळे ज्यावर लागू करून पाहावे अशी एकच फीत निवडायची असेल, तर मी ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीवरून थेट प्रक्षेपित झालेल्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमातले गायिका बिली हॉलिडे यांचे ‘फाइन अँड मेलो’ निवडीन. स्टुडिओ उघडा आहे, शोभेचा पडदा नाही, यंत्रे मधूनमधून दिसतात आणि पुष्कळ वादक रोजच्या कपड्यांत, काही तर टोपी घालून आले आहेत. बिली उंच स्टुलावर बसल्या आहेत आणि वादक त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात आहेत. गाणे त्यांचे स्वतःचे आहे, संथ आहे, आणि रचना तीच बारा खंडांची आहे.

पहिल्या वेळी डोळे मिटून ऐकावे आणि बिली गातात ते आवर्तन व वाद्यांचे आवर्तन यांची सीमा तेवढी ओळखावी. गाण्याचे प्रत्येक कडवे तीन ओळींचे आहे. पहिली ओळ, तिचाच पुनरुच्चार आणि मग उत्तर, आणि प्रत्येक ओळीला चार खंड. ओळ चार खंड भरेपर्यंत चालत नाही. उरलेल्या जागेत वाद्य बोलते. ही रिकामी जागा गाणाऱ्याने मुद्दाम सोडलेली असते. ती कोण भरतो आणि किती भरतो, तिथेच साथीचा सारा विवेक दिसतो.

दुसऱ्या वेळी फक्त एकल वादनांकडे लक्ष द्यावे. प्रथम बेन वेबस्टर, मग लेस्टर यंग, पुढे व्हिक डिकन्सन यांचा ट्रोम्बोन, जेरी मलिगन यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन, कोलमन हॉकिन्स आणि शेवटी रॉय एल्ड्रिज यांचा ट्रम्पेट. यांतले वेबस्टर, यंग आणि हॉकिन्स हे तिघेही टेनर सॅक्सोफोन वाजवतात. एकच वाद्य, एकच रचना, एकच लय आणि काही मिनिटांच्या अंतराने तीन महान कलावंत, असा योग पुन्हा मिळत नाही. वेबस्टर यांच्या स्वरात श्वास मिसळलेला आहे आणि स्वर संपतानाही हवा ऐकू येते. हॉकिन्स भरघोस, ठासून वाजवतात आणि खालची जमीन सरकली की तिचा प्रत्येक कोपरा दाखवतात. या दोघांच्या मध्ये लेस्टर यंग उभे राहतात.

यंग त्या वेळी आजारी होते आणि या कार्यक्रमातल्या दुसऱ्या एका गटात त्यांच्या जागी वेबस्टर वाजवतात. इथे मात्र ते उठतात आणि एकच आवर्तन वाजवतात. स्वर मोजकेच आहेत, वेग नाही, दाखवणे नाही. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबतात आणि त्या थांबण्यानेच पुढच्या स्वराचे वजन ठरते. आता तिसऱ्या वेळी फीत लावावी आणि यंग वाजवीत असताना कॅमेरा बिलींच्या चेहऱ्यावर येतो तेव्हा तो चेहरा पाहावा. त्या ओठ किंचित दाबतात, हसू येते, मान वर-खाली होते, आणि ही मान ठोक्यावर हलत नाही, वाक्यावर हलते. बैठकीत जाणकार श्रोता तानेच्या वेगाला दाद देत नाही, ती ज्या जागी सुटते त्या जागेला देतो, तसेच हे आहे. दोघांनी १९३७ पासून एकत्र ध्वनिमुद्रिका केल्या होत्या आणि परस्परांना ठेवलेली ‘लेडी डे’ आणि ‘प्रेझ’ ही नावे पुढे जगाने स्वीकारली. यंग १५ मार्च १९५९ रोजी गेले आणि बिली त्याच वर्षी १७ जुलैला. हे माहीत असल्यामुळे फीत हळवी होऊन पाहिली जाते, ते स्वाभाविक आहे. पण माझी विनंती अशी की एकदा तरी हे विसरून त्या बारा खंडांत यंग नेमके काय वाजवतात ते ऐकावे. ते गुणगुणता येईपर्यंत ऐकावे, कारण ते गुणगुणता येण्याइतके साधे आहे.

चौथ्या वेळी बाकीच्यांकडे पाहावे : बासवर मिल्ट हिंटन, ड्रमवर ओसी जॉन्सन, पियानोवर मॅल वॉल्ड्रन आणि गिटारवर डॅनी बार्कर. एल्ड्रिज यांचा ट्रम्पेट वर चढतो तेव्हा खालून जोर कसा वाढतो आणि बिली परत गायला लागल्यावर तो कसा उतरतो, हे नीट ऐकले की साथ म्हणजे मागे राहणे नव्हे, हे समजते. याच नावाची जी ध्वनिमुद्रिका मिळते ती काही दिवस आधी, ४ डिसेंबरला, वेगळी मुद्रित झाली होती. ती या फितीचा आवाज नव्हे. दोन्ही मिळाल्या तर एकापाठोपाठ ऐकाव्यात आणि चार दिवसांत कोणी काय बदलले ते पाहावे.

याच कार्यक्रमात थेलोनियस मंक पियानो वाजवीत असताना दुसरे थोर पियानोवादक काउंट बेसी पियानोच्या पलीकडे समोरच बसलेले दिसतात. बेसींचा चेहरा पाहावा, आणि कोणीतरी असे रोखून बघत असताना वाजवणे कसे असेल याचाही विचार करावा.

काफीच्या स्वरांतून आत शिरावे

ब्लूजची सरकती जमीन ज्यांना सुरुवातीला अडवते, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’ या रचनेचे २ एप्रिल १९५९ रोजी केलेले चित्रण उपलब्ध आहे. यात माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोवर विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब आहेत. आराखडा बत्तीस खंडांचा आहे. पहिले सोळा खंड ज्या स्वरावलीत आहेत ती आपल्या काफी थाटाची, म्हणजे गंधार व निषाद कोमल. मग आठ खंड हीच स्वरावली जशीच्या तशी अर्ध्या स्वराने वर सरकते, आणि शेवटचे आठ खंड परत मूळ षड्जावर. म्हणजे बराच वेळ एकाच षड्जावर राहायला मिळते आणि आपला कान तिथे रमतो. तो अर्ध्या स्वराचा धक्का ओळखणे हाच इथला अभ्यास. सुरुवातीला बास मुखडा वाजवतो आणि बाकीचे दोन ठोस स्वरसमूहांनी त्याला उत्तर देतात, तिथपासून मोजायला घ्यावे.

माइल्स यांचे वादन विरळ आहे आणि त्यानंतर कोल्ट्रेन येतात ते दाट, न संपणाऱ्या ओळी घेऊन. एकाच आराखड्यात दोन वृत्ती किती दूर जाऊ शकतात ते इथे दिसते. आपले वादन संपल्यावर माइल्स बाजूला होतात आणि मागे वाद्यवृंदातले वादक उभे असतात. कोल्ट्रेन वाजवीत असताना ही मागची माणसे जरूर पाहावीत.

बोटे आणि चेहरा

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे आवाज आणि चित्र एकाच वेळचे असलेले एकमेव ज्ञात चित्रण २४ फेब्रुवारी १९५२ चे आहे. डिझी गिलेस्पी यांच्यासह त्यांनी ‘हॉट हाउस’ ही रचना दूरचित्रवाणीवर वाजवली. इतके विलक्षण जलद वादन आणि बोटे मात्र कळांवरून जेमतेम उचललेली, चेहरा स्थिर, खांदे स्थिर. गिलेस्पी यांचा ट्रम्पेट इथे सरळ आहे. वर वाकलेल्या तोंडाचा जो ट्रम्पेट पुढे त्यांची ओळख झाला तो जानेवारी १९५३ मधल्या अपघातानंतरचा, तेव्हा गिलेस्पींच्या तारीख नसलेल्या फितीचा काळ ठरवायला ही खूण कामी येते. जँगो राइनहार्ट यांची गिटारवरची छोटी फीतही अवश्य पाहावी. १९२८ मधल्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांनी ते पडद्यांवरून कसे धावतात हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

जे चौकटीत येऊ दिले नाही

या फितींत अवमानाच्या खुणा आहेत आणि त्यांकडे डोळेझाक करू नये. १९३२ सालच्या एका छोट्या बोलपटात लुई आर्मस्ट्राँग यांना बिबट्याचे कातडे नेसवून साबणाच्या फेसात उभे केले आहे. गायिका बेसी स्मिथ यांचे एकमेव ज्ञात चित्रण म्हणजे १९२९ सालचा ‘सेंट लुई ब्लूज’ हा लघुपट, आणि त्यातही त्यांना दारूच्या पेल्यापाशी टाकून दिलेल्या स्त्रीचीच भूमिका मिळाली. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी कथेपासून मुद्दाम सुटी ठेवली जात, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत दाखवताना ती कापून टाकता येत. ‘जॅमिन द ब्लूज’मध्ये गिटारवादक बार्नी केसल हे एकटे गौरवर्णीय वादक होते. गोरे आणि काळे एकत्र वाजवताना दिसू नयेत म्हणून त्यांना अंधारात बसवले गेले आणि जवळून दिसणारे त्यांचे हात फळांच्या रसाने काळे केले गेले. १९५२ च्या त्या कार्यक्रमातला सूत्रसंचालक पार्कर आणि गिलेस्पी यांच्यासारख्या जाणत्या पुरुषांशी मुलांशी बोलावे तसा बोलतो.

शाहू महाराजांच्या नगरीतल्या वाचकाला यातला अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही. पाहताना एवढेच करावे की पोशाख आणि प्रसंग ज्यांनी ठरवला त्यांचे काम आणि वादकाने आपल्या वाद्यातून केलेले काम वेगवेगळे नोंदवावे. कातडे नेसवलेले आर्मस्ट्राँग ट्रम्पेट ओठांना लावतात तेव्हा त्या स्वरात लाचारीचा लवलेश नाही. त्यानंतर लगेच १९३३ सालचे कोपनहेगनमधले त्यांचे चित्रण पाहावे. तिथे ते चांगल्या सुटात आपल्या वादकांपुढे उभे आहेत, मंचावर फिरतात, वादकांना हाक देतात आणि आपल्या मर्जीने वाजवतात.

कोल्ट्रेन यांच्या चौकडीने डिसेंबर १९६३ मध्ये ‘जॅझ कॅज्युअल’ या कार्यक्रमात ‘अलाबामा’ वाजवले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी केलेल्या स्फोटात चार मुली मारल्या गेल्या होत्या, आणि ही रचना त्यानंतरची आहे. सुरुवातीला तालाशिवाय, आलापाच्या जवळ जाणारा सॅक्सोफोन आणि खाली पियानोची अखंड गरगर. ही फीत इतर फितींच्या मध्ये घालू नये. एकटीच पाहावी.

घरची बैठक

एकट्याने पाहण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून पाहणे अधिक फळते, कारण प्रत्येकाचे लक्ष वेगळ्या वादकावर जाते. तबला शिकलेला ड्रमकडे पाहतो, पेटी वाजवणारा पियानोकडे. राजारामपुरीतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या एखाद्या घरची बाहेरची खोली, एक बरा स्पीकर आणि भिंतीवर किंवा संचावर चित्र एवढ्यावर हे जमते. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त फिती घेऊ नयेत आणि त्यांतली एक तरी दोनदा लावावी. फीत चालू असताना माहिती सांगू नये. वादकांची नावे, साल आणि आवाज थेट आहे की आधीचा, एवढे कागदावर लिहून आधीच समोर ठेवावे.

घरातली वडीलधारी मंडळी परके संगीत म्हणून दूर बसणार असतील, तर आरंभ सी. रामचंद्र यांच्यापासून करावा. पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराने मुंबईतल्या जॅझ वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांना हाताशी धरून जी गाणी केली, ती या मंडळींच्या तोंडी आहेत. ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. तिथून १९३३ च्या आर्मस्ट्राँगकडे गेले की नाते आपोआप ध्यानात येते.

क्रम लावायचा तर मी असा लावीन : प्रथम आर्मस्ट्राँग, कारण तिथे आनंद विनासायास पोहोचतो. मग ‘फाइन अँड मेलो’, आणि त्यावर एक संपूर्ण बैठक खर्च करावी. मग ‘सो व्हॉट’. पार्कर आणि गिलेस्पी त्यानंतर, आवर्तन कानात बसल्यावर, कारण जलद लयीत मोजणे नवख्याला जमत नाही. चार्ल्स मिंगस यांच्या गटाच्या एप्रिल १९६४ मधल्या युरोपातल्या फिती अगदी शेवटी घ्याव्यात. ओस्लोमध्ये १२ एप्रिलला सहा जण वाजवतात. पुढे पॅरिसमध्ये ट्रम्पेटवादक जॉनी कोल्स आजारी पडून दौऱ्यातून बाहेर पडले आणि बेल्जियमच्या फितीत पाचच जण उरले. एकच गट, त्याच महिन्यातला, एका वाद्याविना आपली मांडणी कशी बदलतो, सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी रिकामी जागा किती भरतात आणि किती तशीच सोडतात, मिंगस बास वाजवता वाजवता नजरेने आणि ओरडून कोणाला काय सुचवतात, हे दोन्ही फिती शेजारी-शेजारी ठेवून तपासावे. डॉल्फी त्याच वर्षी २९ जूनला बर्लिनमध्ये वारले, त्यामुळे या गटाच्या तुलनेसाठी आपल्याजवळ जे आहे ते एवढ्याच काही आठवड्यांतले आहे.